पाणी धरणारी माती

दोर ओढताना सुनेचा डावा खांदा खाली जाई आणि समोरच्या काठावर उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याचा उजवा. पत्र्याच्या चौकोनी डब्याला दोन्ही बाजूंनी दोर बांधलेले होते. दोघे समोरासमोर उभे राहून तो झुलवत पाण्यात सोडत, भरला की एका हिसक्यात वर घेत आणि पाटात उपडा करीत. काल सकाळपासून हेच चालले होते. तळहातांना आलेले फोड काल संध्याकाळीच फुटले होते, आणि आज त्यांवर चिंध्या बांधून दोघे कामाला लागले होते.

सासरे, आप्पा, काठावर उकिडवे बसून पाण्याकडे पाहत होते.

"वरवरून घ्या. डबा खोल जातोय. मलई ढवळाल."

"नाही जात खोल," मुलगा म्हणाला.

"मग तिकडचं पाणी पांढुरकं कशानं झालं? मासोळी नाचली?"

सुनेला हसू आले, पण दम नव्हता. शेजारच्या मळेवाल्याने पंप देऊ केला होता. आप्पांनी त्याला हात जोडून परत पाठवले होते. पंपाचे तोंड पहिल्यांदा मातीवरचा मऊ थर, ती मलईच, ओढते, आणि तीन वर्षे मुरलेल्या मातीत तोच थर कौलाला अंग देतो, असे त्यांचे म्हणणे. मुलाला हे पटत नसे, पण आप्पांच्या कौलांची घरे चाळीस वर्षे गळली नव्हती, त्यामुळे त्याला वाद घालता येत नसे.

त्यांच्याकडे असे दोन खड्डे होते. एकातली माती वापरायची, दुसऱ्यात मुरवायची. उतारावरची कच्ची माती डोक्यावरून आणून खड्ड्यात पसरायची, वर पुरुषभर पाणी सोडायचे आणि तीन वर्षे हात लावायचा नाही. चौघांनी एक अख्खा कोरडा मोसम वाहिलेली माती या पाण्याखाली होती. सासूबाईंची मान तेव्हापासून उजवीकडे पुरती वळत नव्हती. वापरातला खड्डा गेल्या महिन्यात वाळूला लागला होता. आता यंदाची, पुढची आणि त्यापुढचीही कौले याच पाण्याखाली होती. ढग यायला अडीच महिने उरले होते. त्यांतला महिना नुसता वाळवणाला हवा होता.

मोजणीदाराची मोटारसायकल बांधापाशी थांबली तेव्हा ऊन नुकते चढू लागले होते. तो ओळखीचा माणूस होता, या भागातली सगळी शेते त्याने पायाखाली घातलेली. आज मात्र तो लांबूनच हात हलवत आला.

"थांबा! थांबा म्हणतो ना! आप्पा, हे काय चालवलंय?"

"पाणी उपसतोय. तुला काय वाटलं, लोणी काढतोय?"

"तुम्हाला नाही उपसता येणार."

"वय झालं म्हणतोस? म्हणून तर मी काठावर बसलोय. हे दोघं आहेत ना तरणे."

"चेष्टा नाही, आप्पा." मोजणीदाराने कपाळावरचा घाम पुसला आणि खांद्यावरच्या पिशवीतून एक कागद काढला. "हा जलसाठा आहे. संरक्षित. यातलं पाणी काढायचं नाही, तळाला हात लावायचा नाही."

मुलाने वळून मागे पाहिले. मागे वाळवणाचे रिकामे अंगण होते, पलीकडे भट्टी, आणि भट्टीपलीकडे घर.

"कुठला जलसाठा?" त्याने विचारले.

"हाच."

डबा अर्धा भरून पाण्यात तिरका तरंगत होता. सुनेने आपल्या हातातल्या दोराकडे पाहिले. मग तो सोडायचा की धरायचा हे न कळून तिने तो मनगटाभोवती गुंडाळला.

"अरे, हा आमचा मुरवणीचा खड्डा," आप्पा म्हणाले. अजून ते हसतच होते. "माझ्या वडिलांनी खणलेला. तू याच्या काठावर बसून चहा प्यालायस."

"प्यालोय. मी कुठं नाही म्हणतो? पण नियमांच्या नव्या पुस्तकात तसं उतरलंय. मी आलो ते सही घ्यायला."

नवे पुस्तक म्हणताच मुलाच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. "पुस्तकात तर सगळं सोपं झालंय! मी वाचलंय ना. आधी खड्ड्याला एक परवाना, भट्टीच्या धुराला दुसरा, अंगणाला तिसरा, सरपणाला चौथा. आता एकच पुस्तक, एकच नोंद. तुमच्याच कचेरीतून आणलं मी ते."

"तेच पुस्तक. कलम नऊ. बारमाही पाणी असलेली कोणतीही जागा."

मुलाने कलम नऊ वाचले नव्हते. ते तळ्यांविषयी होते, आणि आपल्याकडे तळे नाही हे त्याला ठाऊक होते.

कागदाच्या शेवटी आणखी एक ओळ होती. ती मोजणीदाराने आपण होऊन वाचली नाही, तेव्हा सुनेने कागद त्याच्या हातून घेऊन वाचली. काढलेले पाणी चार दिवसांत मूळ खुणेपर्यंत परत भरावे, असे त्यात लिहिले होते.

"परत भरावे?" सासूबाई घरातून येऊन केव्हा उभ्या राहिल्या हे कोणाला कळले नव्हते. "म्हणजे उपसलेलं पुन्हा आत टाकायचं? आणि आणायचं कुठून, ते लिहिलंय का? की तेवढं आमच्यावर सोडलंय?"

मोजणीदाराने सहीसाठी पेन पुढे केले.

पाटातून गेलेले पाणी जमिनीत जिरून गेले होते. त्यामुळे नवे पाणी ओढ्यावरून आणावे लागले. चौघांनी तीन दिवस बादल्या वाहिल्या. पहिल्या दिवशी मुलगा प्रत्येक खेपेला काहीतरी शिवी हासडत होता, तिसऱ्या दिवशी त्याच्या शिव्याही संपल्या. येणारे जाणारे रस्त्यावर थांबत. एकाने विचारले, मासे सोडणार का? सासूबाई म्हणाल्या, "हो, तुलाच सोडायचंय. कपडे काढ." सुनेने मान वर केली नाही. ज्या पाण्यासाठी हात सोलून घेतले तेच पाणी पुन्हा हळू, वरवरून ओतायचे होते, कारण आप्पांनी बजावले होते, मलई ढवळू नका. हे ऐकल्यावर तिचा नवरा बादली खाली ठेवून काही क्षण नुसता त्यांच्याकडे बघत राहिला होता. मग बादली उचलून त्याने पाणी हळूच सोडले.

पाचव्या दिवशी आप्पा, मुलगा आणि सून कचेरीत गेले. तिथली फरशी पांढरी आणि ओली होती. आप्पांच्या टाचांच्या भेगांतली माती आंघोळीनेही निघत नसे. दारापासून बाकापर्यंत त्यांच्या पावलांचे पिवळट ठसे उमटले. फरशी पुसणारी बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली तेव्हा आप्पांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि खाली बसून स्वतःचे ठसे स्वतः पुसले. पुसता पुसता गुडघ्यांमुळे नवे उमटत होते. सुनेने त्यांच्या हातून पंचा घेतला.

नियोजनाच्या बाईसाहेब चाळिशीच्या होत्या. चष्मा डोक्यावर सरकवलेला, समोर फाइलींचा पत्ताही नव्हता, एकच निळे पुस्तक. त्यांनी तिघांना बसायला खुर्च्या दिल्या आणि सगळे ऐकून घेतले. मग संगणकावर नोंद काढली.

"ही तुमची नोंद. दोन वर्षांपूर्वीची. पाहणीला आलेल्या माणसानं विचारलेले प्रश्न आणि तुम्ही दिलेली उत्तरं. वाचू?"

"वाचा," आप्पा म्हणाले.

"प्रश्न, येथे पाणी किती महिने असते? उत्तर, बाराही महिने. प्रश्न, उन्हाळ्यात आटते का? उत्तर..." त्या किंचित थांबल्या. "उत्तर, उन्हानं आग ओकली तरी आटत नाही. सबंध मुलखात असं पाणी धरणारी दुसरी माती दाखवा, मी मिशा उतरवीन. असं पुढचंही त्यानं जसंच्या तसं लिहिलंय."

खोलीत पंखा फिरत होता. आप्पांचा हात मिशीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"हे मी म्हणालो," ते म्हणाले.

"खाली तुमची सही आहे."

"हो. मीच म्हणालो. पण ते मी मातीबद्दल म्हणालो." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "माती पाणी धरते म्हणजे चांगली आहे, कौल गळणार नाही... कौलवाल्याला दुसरं काय विचारतात? त्यानं कौतुकानं विचारलं, मी कौतुकानं सांगितलं."

मुलगा बापाकडे पाहत होता. सुनेला तो दिवस आठवला. पाहुण्याला तिनेच पाणी दिले होते. आप्पा काठीने पाण्याची उंची दाखवत होते, तो माणूस मान डोलावून लिहीत होता, आणि आप्पा त्याला आणखी सांगत होते, अगदी फाटकापर्यंत जाऊन सांगत होते. इतके कोणी त्यांना कधी विचारलेच नव्हते.

"बाईसाहेब," ती म्हणाली, "आधीच्या नियमांत मुरवणीची जागा म्हणून वेगळा रकाना होता. आमच्या जुन्या परवान्यावर आहे."

बाईसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा काढला. "होता. अकरा अधिसूचना होत्या, ऐंशी वर्षांत निघालेल्या. जमिनीचे बासष्ट प्रकार. एका शेताला तीन प्रकार लागायचे आणि तिन्ही एकमेकांना कापायचे. लोक सात सात खेटे घालायचे. माझे वडील त्यांतच गेले, एक गोठा मंजूर करून घेता घेता. मी चार वर्षं बसून बासष्टाचे सहा केले." त्या पुस्तकावर तळहात ठेवून बोलत होत्या. "मुरवणीच्या जागेला सबंध भागात एकच खातेदार होता. मला वाटलं, कोणी म्हातारा असेल, धंदा बंद झाला असेल, रकाना चुकून राहिला असेल. मी स्वतः खोडला तो."

"तो म्हातारा मी," आप्पा म्हणाले.

बाईसाहेबांच्या गळ्यावर लाल चट्टा उमटला. हरकती घ्यायची मुदत वर्षापूर्वी संपली होती. दुरुस्ती पाच वर्षांनी. मधला एकच रस्ता होता आणि तो त्यांनी कागदावर लिहून दिला. जागेची स्थिती बदलली असे खातेदाराने जागेवर, अधिकाऱ्यासमोर आणि एका पंचासमोर सांगायचे. मोजमाप, तपासणी काही नाही. खातेदाराचा शब्द प्रमाण. नव्या पुस्तकाचे तेच तत्त्व होते.

"काय बदलली म्हणायची?" मुलाने विचारले.

"की माती पाणी धरत नाही. पाणी आटतं. मग तो जलसाठा राहत नाही, उद्योगाची जागा होते. नोंद बदलली की दुसऱ्या दिवशी तुम्ही उपसायला घेऊ शकता."

"एवढंच?" मुलगा उठलाच. "मग उद्याच या."

"बसा. एवढंच नाही." त्यांनी संगणकाचा पडदा तिघांकडे वळवला. "आधी प्रत्येक खात्याची नोंदवही वेगळी होती. आता सगळ्यांची एकच आहे. बांधकाम खातंही हीच वाचतं. छपराचं कौल पाणी धरणाऱ्या मातीचंच हवं, हा त्यांचा नियम. तुम्ही एकदा धरत नाही म्हणालात की तेच तिथं दिसेल. नोंद एक आहे. एका खात्याला एक आणि दुसऱ्याला दुसरं, असं आता सांगता येत नाही."

घरच्या फाटकापाशी परत आल्यावर आप्पा म्हणाले, "बाई चांगली आहे." आणि हे ऐकून मुलाने फाटकाला इतक्या जोराने लाथ मारली की बिजागरी निखळली.

गवंडी दुसऱ्या दिवशी दुपारी आला. उंच, वाकलेला, चुन्याने हातांची साले गेलेला माणूस. वीस वर्षे तो आप्पांचीच कौले छपरावर चढवत होता. पंच म्हणून त्यालाच बोलावले होते. सासूबाईंनी पुढे ठेवलेला चहा त्याने बशीत ओतला आणि सगळे ऐकून झाल्यावर बशी तशीच खाली ठेवली.

"मी सही करीन," तो म्हणाला. "आप्पा खोटं बोलतायत असं लिहायचं असतं तरी केली असती. पण आप्पा, त्यानंतर तुमचं कौल मी वर नाही नेऊ शकणार. घरमालक आता फोनमध्ये नोंद बघतात. गळकी माती म्हणून दिसलं तर मला शिडीवरून खाली ओढतील."

"तुला माहीत आहे ती गळकी नाही."

"मला माहीत असून काय उपयोग? मी काय नोंदवही आहे?"

"मग काय करायचं आम्ही त्या मातीचं?" मुलाने विचारले. "चाटायची?"

गवंडी बशीकडे पाहत म्हणाला, "विटा पाडा. विटेला कोणी विचारत नाही पाणी धरते का. मी घेईन. विटा मला किती लागतात तुम्हाला ठाऊक आहे."

"वीट," आप्पा म्हणाले.

तो शब्द त्यांनी असा उच्चारला की सासूबाईंनी मान वळवायचा प्रयत्न केला आणि दुखली म्हणून हात लावला.

"चौकटीत चिखल थापायचा, उपडा करायचा. झाली वीट. पायांनीसुद्धा होते. तीन वर्षं मुरवलेली माती विटेत घालायची म्हणजे..." त्यांना पुढचे सापडले नाही. "त्यापेक्षा तळं म्हणून राहू दे. निदान खरं तरी आहे."

"आणि खायचं काय?" सासूबाई म्हणाल्या. "खरं?"

"मी माझ्या तोंडानं माझी माती गळकी आहे असं म्हणणार नाही."

"मागच्या वेळी तोंड आवरलं असतंत तर आज म्हणायची वेळ आली नसती."

चाळीस वर्षांच्या संसारात सासूबाई असे कधी बोलल्या नसाव्यात. सुनेच्या लग्नाला चौदाच वर्षे झाली होती, पण त्या चौदांत तरी नाही. आप्पा उठले, पायात वहाणा न घालताच बाहेर गेले आणि संध्याकाळपर्यंत खड्ड्याच्या काठावर बसून राहिले. जेवायला बोलवायला सून गेली तेव्हा ते म्हणाले, "मी सांगेन. शुक्रवारी येऊ दे त्यांना. मी सांगेन म्हणावं." त्यांचे ओठ वाळून पांढरे पडले होते आणि त्यांच्या शेजारी भरलेले एवढे पाणी होते.

शुक्रवारी सकाळी बाईसाहेब आल्या. बरोबर मोजणीदार. गवंडी धुतलेला सदरा घालून आला होता. सगळे काठावर उभे राहिले. वारा पडला होता, आणि पाण्यात भट्टीचे धुरांडे इतके स्पष्ट दिसत होते की त्याच्या विटा मोजता आल्या असत्या. पाणी मूळ खुणेपासून चार बोटे खाली होते. आठवडाभराच्या उन्हाने नेले तेवढेच. बाईसाहेबांनी तिकडे पाहिले नाही. त्यांनी फळीवर कागद लावला आणि पेनाचे टोपण काढले.

"मी तपासणीला आलेले नाही, निवेदन घ्यायला आले आहे," त्या मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या. "खातेदार किंवा इथं काम करणारं घरातलं प्रौढ माणूस सांगेल ते मी लिहीन. या जागेत पाणी टिकतं का?"

आप्पा एक पाऊल पुढे आले. आज त्यांनी दाढी केली होती, हनुवटीवर कापले होते.

"या खड्ड्यात," ते म्हणाले. "या खड्ड्यातलं पाणी..."

सगळे वाट पाहत होते. मोजणीदाराने मान खाली घातली. मग ते पुन्हा म्हणाले, "या खड्ड्यातलं पाणी," आणि त्यांची नजर पाण्यावर गेली. तिथेच राहिली. तोंड उघडे होते. उघड्या तोंडातून श्वासाखेरीज काही येत नव्हते. मुलाने त्यांच्या दंडाला हात लावला.

"टिकत नाही," सून म्हणाली.

आपण बोललो हे तिला सगळ्यांचे चेहरे वळल्यावर कळले.

"तुम्ही?"

"मी सून यांची. चौदा वर्षं कौलं पाडते इथं. माती पाणी धरत नाही. आटतं." आणखी काही विचारले जाईल म्हणून तिने घाईने पुढे सांगितले, "दोन हात आटलंय."

बाईसाहेबांचे पेन क्षणभर कागदावर नुसते टेकलेले राहिले. मग त्यांनी लिहिले. दोन हात. सुनेची सही, पंच म्हणून गवंड्याची सही. गवंड्याने सही केली आणि सवयीने पेन सदऱ्याला पुसून परत दिले.

"सोमवारी फोटो काढायला कचेरीचा माणूस येईल," बाईसाहेब जाताना म्हणाल्या. "तो मी थांबवू शकत नाही. फोटो नोंदीला जोडला की तुम्ही मोकळे." त्यांना आणखी काही म्हणायचे होते. त्या आप्पांपुढे थांबल्याही. पण आप्पा त्यांच्याकडे पाहत नव्हते. ते सुनेकडे पाहत होते, एखादे अनोळखी माणूस घरात शिरलेले पाहावे तसे.

गाडीचा आवाज रस्त्याला लागून विरला तरी कोणी जागचे हलले नाही. मग सासूबाई मटकन खाली बसल्या. मुलगा बायकोला म्हणाला, "दोन हात? दोन हात कशाला म्हणालीस? नुसतं आटतं म्हणायचं होतं!"

"तोंडातून गेलं."

"या घरात एकाचंही तोंड..." तो थांबला.

सुनेला वाटले, आता आप्पा काहीतरी बोलतील, जे पुढे आयुष्यभर घरात राहील. ती मान खाली घालून उभी राहिली. आप्पा काठाच्या अगदी कडेला गेले. त्यांनी वाकून पाण्यात हात घातला, कोपरापर्यंत, आणि बोटांची टोके भिंतीवर जिथे टेकली तिथे नखाने खूण केली.

"हा एक," ते म्हणाले. "दुसरा याच्याखाली. सोमवारपर्यंत तीन दिवस आहेत."

कोणाला काही उमगले नाही.

"डबा आणा," आप्पा म्हणाले. "लिहिलंय ना दोन हात? मग दोन हात दिसायला नको?"

"आप्पा, फोटो व्हायच्या आधी उपसणं म्हणजे गुन्हा आहे," मुलगा म्हणाला. "कोणी पाहिलं तर?"

"परवा सगळ्या गावानं भरताना पाहिलं. आता उपसताना पाहू दे. म्हणतील, यांना दुसरा धंदा नाही." ते हसले नाहीत. "आण."

पुन्हा डबा आला, पुन्हा दोर आले. फोडांच्या जागी आलेली नवी कातडी पहिल्या तासातच निघाली. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी दुपारी पाणी दुसऱ्या खुणेला लागले आणि आप्पांनी हात वर करून थांबवले. खड्ड्याची भिंत दोन हात उघडी पडली होती, आणि दोन हातभर ती ओली, गुळगुळीत, चकाकत होती. ऊन तिच्यावर सरळ पडत होते. ते तासभर वाट पाहत बसले. भिंत तशीच राहिली. एकही चीर पडली नाही, एकाही ठिकाणी रंग फिकटला नाही.

"सोडत नाही," आप्पा म्हणाले. "एक थेंब सोडत नाही."

मुलगा म्हणाला, "फोटोत दिसेल. आजच उपसलंय हे आंधळ्यालाही दिसेल."

आप्पा उठून भट्टीकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात राखेचे घमेले होते. ती त्यांनी वस्त्रगाळ केली होती. कौलाच्या साच्याला चिखल चिकटू नये म्हणून ते साच्यावर राख अशीच भुरभुरवीत, मनगट सैल सोडून, बोटे दिसणार नाहीत इतक्या वेगाने. सुनेने पुढे होऊन घमेले मागितले.

"तुला नाही जमायचं," ते म्हणाले. "तुझ्या हाताला डाग पडतात."

ते खड्ड्यात उतरले. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून, पायांखाली तीन वर्षांची मऊ माती सरकत असताना, ते एका कोपऱ्यापासून सुरुवात करून भिंत कोरडी करीत निघाले. वरून खाली, पुन्हा वरून खाली. राख ओलीला धरून बसत होती आणि भिंत हळूहळू जुनी, भुरकट, कधीची वाळलेली दिसू लागली. मुलगा काठावरून पाहत होता. सून घमेले भरून देत होती. एका जागी राख जराशी जाड बसली होती. आप्पा मागे वळले, तिथे फुंकर मारली, मान तिरकी करून पाहिले, आणि पुढे सरकले.